बशीखालचे सहा बाण

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सिल्वी हाउतालाने एक स्क्रू सोडून त्या धनुष्याचं बाकी सगळं हलवून पाहिलं.

धनुष्य तिच्या बाबांचं. आर्वो हाउताला फेब्रुवारीत गेले, खिडक्यांच्या काचा अर्ध्यापर्यंत बर्फात बुडालेल्या असताना. जाण्यापूर्वी तीन आठवडे, उशीला टेकून कॉफी पिता पिता, त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं होतं, की देवदारांच्या दलदलीवरचं मचाण यंदा तुझं. धनुष्यही तुझं. सिल्वी काही बोलायच्या आत त्यांनी बोट वर केलं होतं. "पण बशी चुकवायची नाही. माझी मुलगी म्हणून कोणी सूट देईल, तर ती घ्यायची नाही."

बशीचा नियम बाबांनीच केलेला. हंगाम एक ऑक्टोबरला उघडतो. आदल्या दिवशी दुपारी शिकारीच्या कॅम्पमधल्या प्रत्येकाने तीस पावलांवरून सहा बाण मारायचे. तीन साध्या टोकाचे, ज्यांनी वर्षभर सराव चालतो ते, आणि तीन शिकारीच्या पात्यांचे. मग आईच्या निळ्या काठाच्या सेटमधली उरलेली एकुलती एक बशी लक्ष्यावर धरायची. सहाही भोकं तिच्याखाली झाकली गेली, तर त्याच बशीत कॉफी ओतून मिळणार आणि दुसऱ्या दिवशी मचाण मिळणार. एक भोक जरी बाहेर डोकावलं तरी धनुष्य खुंटीला, आणि तो माणूस पूर्ण हंगाम कॅम्पचा स्वयंपाकी. वेइक्को काकांचा मुलगा डेल लागोपाठ दोन वर्षं स्वयंपाकी होता. त्याच्या हातचं वाटाण्याचं सूप आठवलं की आजही लोकांचा नेम सुधारतो.

सिल्वीने ती कॉफी तीस वर्षं ओतली होती. बशीसाठी स्वतः बाण मारून कधी पाहिलं नव्हतं. तिला कोणी नको म्हटलं होतं असं नाही; तिनेच कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगणारे तिचे बाबा नव्हते. आता ती एकावन्न वर्षांची होती. मार्केट नावाच्या शहरात शाळेची बस चालवायची. या वर्षी तिने पंधरा दिवसांची रजा टाकली, तेव्हा मुख्याध्यापिकेने काळजीने विचारलं, तब्येत ठीक आहे ना. हरणाच्या शिकारीला जातेय म्हटल्यावर बाईंचा चेहरा उजळला. या भागात त्याहून सबळ कारण नाही.

यंदा ती नापास झाली तर मचाण डेलला जाणार होतं. डेल सज्जन माणूस. तो म्हणाला होता, "ताई, तू हरलीस तर सूप तरी नीट मिळेल," आणि मग आपणच ओशाळून बर्फ उपसायचं फावडं शोधायला गेला होता. सप्टेंबरात.

तर, ते धनुष्य. दोन टोकांना चाकं असलेलं, तेवीस वर्षांचं, बाबांच्या हाताने मुठीवरचा रंग उडालेलं. त्यातलं बहुतेक काम सिल्वीला झोपेतही जमलं असतं. घरामागच्या वर्कशॉपमध्ये बाबा चाळीस वर्षं आसपासच्या सगळ्या शिकाऱ्यांची धनुष्यं लावून द्यायचे, आणि लग्न होईपर्यंत ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर वाढली होती. लग्नानंतरसुद्धा, आणि ते मोडल्यानंतरसुद्धा, सप्टेंबरचा पहिला आठवडा तिचा तिथेच जायचा. आता तिने धनुष्याच्या बाहूंचे स्क्रू सैल करून ओढ साठ पौंडांवरून पंचेचाळीसवर आणली, चाकावरचा तुकडा बदलून ओढीची लांबी आपल्या हाताला बसवली, दोन्ही चाकं एकाच क्षणी थांब्याला टेकतात ना ते पाहिलं. मापाची पोलकी उसवून शिवण्यासारखंच. बाण नवे कापले. प्रत्येकावर पातं चढवलं, टोक तळहातावर टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवला, जो थरथरला तो बाजूला काढला. उरलेल्यांवर एक ते सहा आकडे घातले.

मग अंगणात गेली, तीस पावलं मोजली आणि मारले.

साधी टोकं एकमेकांना चिकटून लागली, अगदी मधोमध. पाती एक वीत उजवीकडे.

यात नवल काहीच नव्हतं. साधं टोक फार सोशीक असतं. बाण सुटताना जरा वाकडा निघाला तरी मागची पिसं त्याला सावरून घेतात आणि साधं टोक ते पोटात घालतं. पात्यांचं तसं नाही. त्यांना पुढच्या बाजूला वारा लागतो, आणि जरा कुठे वाकडेपणा असला की ती बाणाला तिकडेच ओढत नेतात. बाबा म्हणायचे, साधं टोक म्हणजे पाहुण्यांसमोर नीट वागणारा नवरा, आणि पातं म्हणजे त्याची बायको, ती खरं सांगते. उपायही सिल्वीला तोंडपाठ होता. पाती उजवीकडे जात असतील तर बाण ज्यावर टेकतो तो टेकू डावीकडे सरकवायचा. केसभर. पुन्हा तीन आणि तीन. पुन्हा केसभर. पाती साध्या टोकांना येऊन मिळेपर्यंत.

पण टेकूचा स्क्रू म्हणजेच तो स्क्रू.

दुकानातलं दुसऱ्या कुणाचंही धनुष्य बाबा तिच्या हवाली करायचे. स्वतःचंसुद्धा द्यायचे, दोरी बदल म्हणायचे, मेण लाव म्हणायचे. टेकूकडे तिची स्क्रू फिरवायची एलन की वळली, की मात्र हातावर चापट बसायची. "ह्याला नाही." का ते कधी सांगितलं नाही. स्क्रूच्या डोक्यावर त्यांनी लाल रंगाचा थेंब टाकून ठेवला होता, कोणी फिरवला तर कळावं म्हणून. तो थेंब अजून अखंड होता. बाबांनी शेवटचा हात लावला तो तिथे. बाकी धनुष्यावर आता सगळीकडे सिल्वीचीच बोटं उमटली होती. ओढ बदलली, लांबी बदलली, दोरी नवी. तेवढी एक जागा आर्वो हाउतालांनी जशी ठेवली तशी होती, आणि तिला वाटत होतं, ती तशीच राहू दिली तर काय बिघडलं.

मग तिने ती गोष्ट केली, जी करणाऱ्या गिऱ्हाइकाला बाबा दारातच उभं ठेवायचे. नेम धरायची पिन हलवली. पाती उजवीकडे लागतात काय, मग पिनच तिकडे नेऊ. वीस पावलांवर पाती झकास मधोमध लागली. तिला दहा मिनिटं फार बरं वाटलं. तीस पावलांवर ती पुन्हा बाजूला गेली, आणि साधी टोकं आता लक्ष्याच्या डाव्या काठावर.

नेमके तेव्हाच वेइक्को काका आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बाबांहून चार वर्षांनी धाकटे, रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून यायचे. त्या दिवशी निमित्त होतं फावडं परत करायचं, डेलने नेलेलं. त्यांनी लक्ष्याकडे पाहिलं, मग पिनकडे, मग आभाळाकडे.

"आर्वोच्या पोरीने पिन हलवली," ते आभाळाला म्हणाले.

"थोडीशीच, काका."

"थोडंसं खोटं बोलून सुरुवात होते सगळ्याची." ते लाकडाच्या ढिगावर बसले. "तुझ्या बापाने एका माणसाला याच्यासाठी घरी पाठवलं होतं. मोठा माणूस होता हो तो, बँकेतला. तुझा बाप म्हणाला, डोळ्याला फसवता येतं, हरणाच्या बरगडीला नाही."

सिल्वीला ती गोष्ट माहीत होती. त्या माणसाने ऐकलं नव्हतं. त्याच हंगामात त्याने हरणीला पोटात बाण मारला, आणि बाबा दोन दिवस पावसात तिचा माग काढत फिरले. तिसऱ्या दिवशी सापडली. बाबा घरी आले ते थेट सौनामध्ये, वाफेच्या न्हाणीघरात, जाऊन बसले, आणि त्यानंतरच्या वर्षी बशीचा नियम आला.

तिने पिन होती तिथे परत नेली. स्क्रूला हात लावला नाही. काकांना आतून कॉफी आणून दिली आणि ते विषय बदलून डेलच्या गुडघ्याबद्दल बोलत बसले. त्यांच्यात हा मोठा गुण होता. टोमणा एकदाच मारायचे, आणि मग कपाची काळजी करायचे.

अठ्ठावीस तारखेला सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. सिल्वीने हातमोजे आणले नव्हते. वर्कशॉपच्या दारामागे खुंटीला बाबांची जोडी लटकत होती, हरणाच्या कातड्याची. तिने विचार न करता घातली. डाव्या मोज्यात हात घालताच तिच्या लक्षात आलं, की शेवटच्या दोन बोटांना जागाच नाही.

अर्थात नव्हती. ती नऊ वर्षांची असताना लाकडाच्या गिरणीतल्या करवतीने बाबांची ती दोन बोटं नेली होती. आईने त्यांच्या प्रत्येक डाव्या मोज्याची दोन बोटं कापून शिवून टाकलेली असायची. सिल्वीला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्या बाबांचे मोजे असेच मिळतात. तिने आपली दोन बोटं आत दुमडून घेतली आणि धनुष्य उचललं.

दुमडलेल्या बोटांचा गोळा तळव्याखाली आला. ताण घेताच मूठ हातात एवढीशी वळली. तिला ते जाणवलं, पण बाण तोवर सुटला होता. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही पात्यांचे. त्यांच्यामागून तीन साधे.

पाती साध्या टोकांच्या कुशीत जाऊन बसली होती.

तिने बाण उपटले आणि मोजा काढून आपल्या तळव्याकडे पाहिलं. बाबांच्या तळव्यावर, गेलेल्या बोटांच्या बुडाशी, एक जाड गाठ होती. लहानपणी ती त्या गाठीला बटण म्हणायची, दाबलं की बाबा भुंकायचे. त्या गाठीने धनुष्य दरवेळी केसभर वळायचं. तेवढ्या वळण्याचा हिशेब त्यांनी टेकूत घातला होता. वाकड्या हातासाठी वाकडा टेकू, आणि दोन्ही मिळून सरळ बाण. टेकू चुकला नव्हता. तो तिच्या हातासाठी नव्हता, एवढंच.

तर मोजा घालूनच मारायचं, तिने ठरवलं. किती सोपं. स्क्रूवरचा लाल थेंब तसाच राहील, बाबांचा हात तिच्या हातावर राहील, बशीही जमेल. त्या दिवशी दुपारपर्यंत तिने चोवीस बाण मारले. पहिले बारा सुरेख गेले. तेराव्यापासून दुमडलेली बोटं बधिर झाली आणि गोळा सरकायला लागला. एक पातं उजवीकडे, एक डावीकडे, एक लक्ष्याला चुकवून कोबीच्या वाफ्यात. बोटं उघडून चोळली, पुन्हा दुमडली, पुन्हा मारले. कधी जमायचं, कधी नाही.

संध्याकाळी पायरीवर बसून ती बोटं उघडझाप करत राहिली. मचाणावर तीन-चार तास थंडीत बसायचं. मग हरीण येणार, झाडाआडून, दोन श्वासांपुरतं. तेवढ्यात ती आधी मोज्यात आपले वडील नीट बसवणार, आणि मग बाण सोडणार. हरणाने तोवर थांबावं अशी अपेक्षा. तिला हसू आलं, आणि हसता हसता नाकही पुसावं लागलं.

एकोणतीस तारखेला सकाळी तिने एलन की घेतली. लाल थेंबावर दाब दिला, आणि तो टिकलीसारखा उडाला.

टेकूची पट्टी बाजूला सरकली तशी तिच्याखालची धातूची जागा दिसली. तिने आधी ओरखडे समजून फडक्याने पुसली. मग चष्मा आणला.

रेघा होत्या. सुईने मारलेल्या, एकमेकींना लागून, आठ. प्रत्येकीखाली मुंगीएवढे आकडे. सर्वात डावीकडे ९६, धनुष्य आणलं ते साल. मग ९९. मग ०२. अशा उजवीकडे, उजवीकडे, शेवटची १७.

बाबा तो स्क्रू दर तीन वर्षांनी हलवत होते. गाठ जाड होत गेली, मनगटात संधिवात शिरला, मूठ अधिकाधिक वळायला लागली, आणि ते मागोमाग टेकू सरकवत गेले. चापट मारायचे ते स्क्रू जपायला नव्हे. हात बिघडत चाललाय हे कोणाला दिसू नये म्हणून. आणि तिने त्यांची शेवटची खूण म्हणून जी जागा चार दिवस सांभाळली, ती त्यांच्या लेखी नुसती तात्पुरती जागा होती. जगले असते तर पुढच्या सप्टेंबरात त्यांनी ती मोडलीच असती.

मग तिला पाव आठवला. वेलदोड्याचा गोड पाव. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात एका दुपारी बाबा हमखास म्हणायचे, सिल्वी, को-ऑपच्या दुकानात ताजा पाव आला असेल, बघून ये. घरात पाव असला तरी. आणि सावकाश ये, रस्ता वाईट आहे. रस्ता उत्तम होता. ती चाळिशीची झाली तरी कुरकुरत जायची, की ह्यांचे पावाचे डोहाळे काही संपत नाहीत.

तिने टेकू डावीकडे सरकवला, केसभर, १७ च्या रेघेवरून आत. तीन आणि तीन. पाती थोडी जवळ आली. आणखी केसभर, १४ ची रेघ. त्या वर्षी बाबांनी पहिल्यांदा तिला मचाणाची शिडी धरायला बोलावलं होतं, वर चढले आणि वरून म्हणाले, छान दिसतं गं इथून. तीन आणि तीन. ११, ती घटस्फोटानंतर आली होती, आणि बाबांनी एक शब्द न विचारता तिच्यापुढे बावीस धनुष्यं ठेवली होती, सगळ्यांच्या दोऱ्या बदल म्हणून. ०८ ला आई होती. ०५ ला आईने बशीच्या सेटमधला शेवटचा कप फोडला आणि सगळ्यांना म्हणाली, बरं झालं, आता बशीचा मान वाढेल. प्रत्येक रेघेवर ती थांबत होती, सहा बाण मारत होती, चालत जाऊन उपटून आणत होती. ९६ वर आली तरी पाती अजून दोन बोटं उजवीकडेच होती.

तिने ९६ ओलांडली. तिथे रेघ नव्हती, कोरा धातू होता. नखाच्या जाडीएवढं पलीकडे गेल्यावर पाती आणि साधी टोकं एका जागी आली.

म्हणजे त्यांची बोटं शाबूत असती, तर त्यांचाही टेकू इथेच आला असता. या जागी बाबांना कधी यायला मिळालं नव्हतं. सिल्वीने स्क्रू आवळला. सहाही बाण आता मिळून चार बोटं डावीकडे लागत होते, तेव्हा तिने पिन बाणांच्या मागे नेली. आता ते खोटं नव्हतं.

तीस तारखेला दुपारी कॅम्पचे सगळे अंगणात जमले. डेलने आधी मारले, पास झाला, बशीतली कॉफी फुरकून प्याला. सिल्वीची पाळी आली तशी गडबड थांबली, आणि त्या शांततेचाच तिला त्रास झाला. मोजा तिने उजव्या खिशात ठेवला होता. डावा हात उघडा, पाचही बोटं सैल.

तीन साधे. मग तीन पात्यांचे. शेवटचा सुटताना तिला वाटलं, जरा घाई झाली.

वेइक्को काका बशी घेऊन गेले. फार हळू चालत गेले. बशी धरली, आणि एका पात्याची चीर निळ्या काठाबाहेर दिसत राहिली, दोरा दिसावा तशी.

"सरकवा की जरा खाली," डेल म्हणाला. त्याच्या आवाजात मचाणाचा लोभ अजिबात नव्हता, हे तिने नंतर पुष्कळ दिवस लक्षात ठेवलं.

"सूट नको, काका," सिल्वी म्हणाली.

"सूट कोण देतंय? बशी कुठेही धरावी, सहा झाकली की झालं. नियम तुझ्या बापाचा आहे, माझा असता तर मी सोपा केला असता." त्यांनी बशी अर्धा बोट खाली घेतली. चीर काठाखाली गेली. मग ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले, वरच्या काठाकडे एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. वरून काहीही बाहेर आलं नव्हतं.

"भांडी घासायला माणूस बघ," ते डेलला म्हणाले. "ही उद्या कामाला आहे."

कॉफी त्यांनीच ओतली. तीस वर्षं तिने इतरांना ओतलेली, बशीत, काठोकाठ, साखरेचा खडा बाजूला. तिने खडा दातांत धरला आणि फुंकर घालून प्यायली. थोडी हनुवटीवर सांडली. कोणी हसलं नाही, म्हणून तीच हसली.

हळूहळू सगळे सौनासाठी लाकडं आणायला पांगले. सिल्वी धनुष्य घेऊन वर्कशॉपमध्ये आली. काका मागून आले, दारात उभे राहिले, टेकूच्या स्क्रूकडे पाहिलं. लाल थेंब नव्हता. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"मी जरा को-ऑपमध्ये जाऊन येतो. ताजा पाव आला असेल."

"पाव आहे, काका. डबाभर आहे."

"ताजा आणतो." ते दोन पावलं गेले आणि मान न वळवता म्हणाले, "अर्धा तास पुरेल ना? त्याला पुरायचा."

सिल्वीने खण उघडला आणि सुई शोधायला लागली.